न वापरण्याचे वळण

आमच्या भागात पक्षाघात झाला असे सहसा कोणी म्हणत नाही; 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. २००९ च्या आषाढात नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या अंगावरून वारे गेले. नाना जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षे शिक्षक होते. साक्षरता मोहिमेच्या काळात रात्री कंदिलाशेजारी बसून त्यांनी गावातल्या कितीतरी बायाबापड्यांना सही करायला शिकवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मी त्यांना बँकेत घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलाने अगदी आदराने शाईचे पॅड पुढे सरकवले आणि म्हणाला, "गुरुजी, डावा अंगठा द्या." नानांनी दिला. घरी आल्यावर ते नळाखाली बराच वेळ अंगठा चोळत उभे होते.

तोवर त्यांचा पाय बऱ्यापैकी परतला होता. काठी टेकत ते मारुतीच्या देवळापर्यंत जाऊ लागले होते. बोलणे पहिल्या दोन महिन्यांतच सुधारले. हात मात्र कोपरात दुमडून छातीशी, मूठ मिटलेली. सुरुवातीला नातेवाइकांनी कबुतराचे मांस सुचवले, कोणी कुठल्याशा गावचे तेल आणून दिले. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही. एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास घरी येत. त्यातली वीस मिनिटे पायाला, दहा हाताला. हाताचा व्यायाम म्हणजे नाना पडून राहणार आणि त्यांचा हात दुसरेच कोणी वर-खाली करणार. सांधे आखडू नयेत म्हणून त्याची गरज असते हे मला नंतर कळले, पण त्या दहा मिनिटांत नाना स्वतः काहीच करत नसत. सहा महिन्यांनी त्यांनी सांगितले, "हातात आता फार फरक पडेल असं वाटत नाही." आणि येणे थांबले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दूध संघात हिशेब लिहिण्यात उमेदीची वर्षे गेली. वैद्यकाशी माझा संबंध औषधांच्या बिलांपुरता. पण एक प्रश्न मला सोडेना. मेंदूतली इजा एक, गुठळी एक, मग पाय का आला आणि हात का नाही? शब्दकोश शेजारी ठेवून मी मिळतील ते शोधनिबंध वाचू लागलो. पुढे जे लिहितो आहे ते या वाचनातून आलेले आहे.

प्रश्नाचे अर्धे उत्तर शरीररचनेत सापडते. डाव्या मेंदूकडून उजव्या अंगाकडे जाणारे हालचालीचे तंतू मानेच्या वर, मेंदूच्या देठात, बाजू बदलतात. म्हणून डावीकडच्या इजेने उजवे अंग जाते. मेंदूच्या पृष्ठभागावर हाताचा आणि चेहऱ्याचा ताबा बाहेरच्या बाजूला आहे, पायाचा ताबा दोन अर्धांच्या मधल्या फटीत, आत. बाहेरच्या बाजूला रक्त नेणारी जी मधली रोहिणी, तीच पक्षाघातात सर्वांत जास्त वेळा तुंबते. शिवाय पायाचे काम जाडेभरडे आहे. गुडघा लॉक करून, कंबरेतून पाय फेकून माणूस चालू शकतो. शर्टाच्या गुंडीला असे काही चालत नाही.

उरलेले अर्धे उत्तर मला जास्त महत्त्वाचे वाटते. एका पायाने चालता येत नाही. लंगडी खेळता येते, पण लंगडी घालत रोज न्हाणीघरात जाता येत नाही. त्यामुळे दुबळ्या पायाला पहिल्या दिवसापासून कामावर हजर व्हावेच लागते. हाताचे तसे नाही. पेला धरायला, दार उघडायला, चष्मा लावायला एक हात पुरतो, आणि तो एक हात धडधाकट असतो. दुबळ्या हाताला सुट्टी मिळते आणि ती संपत नाही.

ही गोष्ट प्रयोगांतून सिद्ध व्हायला जवळपास शंभर वर्षे लागली.

१८९५ मध्ये लंडनमध्ये फ्रेडरिक मॉट आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी माकडांवर एक प्रयोग केला. हाताला दोन प्रकारच्या चेता असतात. एक मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेतात, दुसऱ्या हाताची खबर मज्जारज्जूकडे आणतात. या दोघांनी एका हाताच्या फक्त खबर आणणाऱ्या चेता मुळाशी कापल्या. हुकमाची वाट शाबूत होती, तरीही माकडांनी तो हात वापरणे सोडून दिले. शेरिंग्टन पुढे नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ झाले, आणि खबरीवाचून हेतुपूर्वक हालचाल होऊच शकत नाही हा निष्कर्ष दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

१९१७ मध्ये वॉशिंग्टनला शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ आणि रॉबर्ट ऑग्डेन यांनी माकडांच्या मेंदूत इजा करून अर्धे अंग लुळे पाडले आणि मग काहींचा चांगला हात बांधून टाकून लुळ्या हाताला कामाला लावले. त्या माकडांचा हात सुधारला. हा निबंध छापला गेला आणि जवळजवळ विसरला गेला. रुग्णालयांत मालीश चालू राहिले. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही, हे कबूल करतो. नानांच्या जन्माच्याही आधी कोणाला तरी हे दिसले होते.

या सगळ्याची गाठ सोडवली एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. ते डॉक्टर नव्हते, सवयी कशा जडतात याचा अभ्यास करणाऱ्यांपैकी होते. शेरिंग्टनचाच प्रयोग त्यांनी पुन्हा केला, पण दोन बदल करून. काही माकडांच्या दोन्ही हातांच्या खबर आणणाऱ्या चेता कापल्या, तेव्हा माकडांनी दोन्ही हात वापरले. दुसरा इलाजच नव्हता. इतर माकडांचा एकच हात बधिर केला, पण चांगला हात बांधला. त्यांनी तो बधिर हात वापरायला सुरुवात केली. म्हणजे हात वापरता येत होता. माकड तो वापरत नव्हते.

टॉब यांनी याचा उलगडा असा केला. शस्त्रक्रियेनंतर मज्जारज्जूला धक्का बसतो आणि काही काळ हात खरोखरच हलत नाही. या काळात माकड तो हात वापरून पाहते. घास पडतो, तोल जातो. प्रत्येक प्रयत्नाला अपयशाची शिक्षा मिळते आणि तीन पायांवर चालले, एका हाताने खाल्ले की बक्षीस मिळते. काही आठवड्यांत धडा पक्का होतो : हा हात आपला नाही. पुढे धक्का ओसरतो, हातात ताकद परतते, पण ती परतली आहे हे माकडाला कळतच नाही, कारण ते आता प्रयत्नच करत नाही. चांगला हात काही दिवस बांधून ठेवला तर हा धडा पुसता येतो. शस्त्रक्रियेनंतर धक्का ओसरेपर्यंत तो बांधलेलाच ठेवला तर धडा मुळात गिरवलाच जात नाही. टॉब यांच्या मूळ शब्दांना मी माझ्यापुरते 'न वापरण्याचे वळण' म्हणतो. नानांना हा शब्द आवडला. वळण लावणे हा त्यांचा धंदाच होता.

आता हेच आपल्या घरात पाहा. पक्षाघातानंतरचे पहिले काही आठवडे मेंदू सुजलेला, हात लोंबता. माणूस घास उचलायला जातो, आमटी अंगावर सांडते. शेजारी बसलेली बायको म्हणते, "राहू द्या, मी भरवते." यात प्रेमाशिवाय दुसरे काही नसते. पण टॉब यांच्या हिशेबात ती एक शिक्षा आणि लगेच पुढे एक बक्षीस आहे. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते, ती मला कुठल्या निबंधात सापडली नाही. आपण उजव्या हाताने जेवतो आणि डाव्याने धुतो. उजवा गेलेला माणूस डाव्या हाताने जेवायला लाजतो, म्हणून त्याला भरवले जाते. डावा गेलेला माणूस जेवतो-लिहितो, सगळे ठीक दिसते. त्याची अडचण शौचाला असते आणि ती तो कोणाला सांगत नाही. त्याचा डावा हात कायमचा विसरला गेला तरी वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. आईने नानांना दोन वर्षे दोन्ही वेळा भरवले. पंक्तीला कोणी पाहुणे असले की नाना 'भूक नाही' म्हणत.

*

टॉब यांची पुढची कथा अप्रिय आहे आणि ती गाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. १९८१ मध्ये मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग गावच्या त्यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलेक्स पाचेको हा तरुण स्वयंसेवक म्हणून शिरला. आदल्याच वर्षी त्याने इन्ग्रिड न्यूकर्कबरोबर प्राणिहक्कांसाठी 'पेटा' ही संघटना काढली होती. त्याने आतले फोटो काढले : घाणेरडे पिंजरे, स्वतःचीच बधिर बोटे चावून जखमी केलेली माकडे. पोलिसांनी छापा घालून सतरा माकडे ताब्यात घेतली. टॉब यांच्यावर क्रूरतेचा खटला चालला. आधी सहा आरोपांत दोषी, फेरसुनावणीत एकात, आणि १९८३ मध्ये वरच्या न्यायालयाने तेही रद्द केले. केंद्र सरकारच्या पैशातून चाललेल्या संशोधनाला राज्याचा हा कायदा लागू होत नाही, असे कारण देऊन. अमेरिकेतले प्राणिसंरक्षणाचे नियम १९८५ मध्ये कडक झाले त्यामागे हे प्रकरण होते. टॉब काही वर्षे बेकार होते. १९८६ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम इथल्या केंद्रात त्यांना जागा मिळाली आणि तिथे त्यांनी माणसांवर उपचार सुरू केले.

ते फोटो मी पाहिले आहेत. माझ्या वडिलांच्या हाताचा जो काही लाभ झाला त्याच्या मुळाशी ती माकडे आहेत, हे मला विसरता येत नाही, आणि त्याचे काय करायचे हेही कळत नाही. त्यांच्यापैकी उरलेल्या काही माकडांना कायमचे झोपवण्याआधी शास्त्रज्ञांनी त्यांच्या मेंदूची तपासणी केली, ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. बारा वर्षे ज्या हाताची काही खबर आली नव्हती, त्या हाताची मेंदूतली जागा ओसाड पडलेली नव्हती. शेजारच्या चेहऱ्याने ती बळकावली होती. हनुवटीला स्पर्श केला की हाताचा पट्टा जागा होत असे. प्रौढ मेंदूत एवढी उलथापालथ होऊ शकते हे तोवर कोणी मानत नव्हते. पाच वर्षांनी रँडॉल्फ नुडो यांनी दुसरी बाजू दाखवली. छोट्या इजेनंतर सराव न केलेल्या माकडांत हाताची शाबूत राहिलेली जागाही आक्रसत जाते. चिमूटभर खाऊ खळग्यातून काढण्याचा रोज सराव केला तर ती टिकते, आणि कधी कोपर-खांद्याच्या हद्दीत पसरतेही. वहिवाट मोडली की जमीन शेजाऱ्याकडे जाते, हे आम्हां शेतकरी घरातल्यांना वेगळे समजवावे लागत नाही.

टॉब यांचा उपचार ऐकायला सोपा आहे. दोन आठवडे, जागेपणीच्या नव्वद टक्के वेळ, चांगल्या हातावर जाड मोजा. बोटे वापरता येऊ नयेत एवढाच त्याचा उपयोग. पाण्याची कामे आणि तोल जाण्याचा धोका असेल तेव्हा तो काढायचा. कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत दुबळ्या हाताचा सराव, तोही खऱ्या वस्तूंनी आणि हळूहळू अवघड करत नेलेला. आज डबा झाकणासकट उचलला, उद्या थोडा भरलेला. पहिला मानवी अभ्यास १९९३ चा, अवघ्या नऊ रुग्णांचा, पण सगळ्यांना झटका येऊन वर्षाहून अधिक काळ लोटलेला होता. मग २००६ मध्ये अमेरिकेतल्या सात केंद्रांचा मोठा अभ्यास आला : २२२ रुग्ण, झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांतले. मोजा घालून सराव केलेल्यांचा हात नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारला आणि वर्षभरानंतरही फरक टिकला.

या उपचाराच्या मर्यादा मात्र कोणी लपवू नयेत. मनगट निदान दहा-वीस अंश मागे उचलता येत असेल आणि बोटे थोडी तरी उघडत असतील, तरच हा उपचार लागू पडतो. पूर्ण लुळ्या हाताला तो उपयोगाचा नाही, आणि असे हात पुष्कळ असतात. घाईही चालत नाही. २००९ च्या ५२ रुग्णांच्या अभ्यासात झटक्यानंतर लगोलग जास्त मात्रेत हा सराव दिलेल्यांचा हात नव्वद दिवसांनी इतरांपेक्षा कमी सुधारलेला निघाला. उंदरांत तर पहिल्याच आठवड्यात सक्ती केल्याने मेंदूतली इजा वाढल्याचे दिसले होते. म्हणजे बसून राहणेही घातक आणि अधीरपणाही. यातला मधला काळ ओळखायला प्रशिक्षित माणूसच लागतो.

आणि प्रशिक्षित माणूस असला तरी मात्रेचा प्रश्न उरतो. ३१२ उपचारसत्रांत कोणी नुसते बसून मोजले, तेव्हा हाताच्या कामाच्या हालचाली एका सत्रात सरासरी बत्तीस भरल्या. नुडोंची माकडे दिवसाला शेकडो वेळा खाऊ उचलत होती. बत्तीस आकडा वाचून मला आमची दहा मिनिटे आठवली. मग वाटते, घरच्यांनीच का करू नये? आपल्या देशात हा विचार मोठ्या प्रमाणावर तपासून झाला आहे. चौदा रुग्णालयांतले १२५० रुग्ण, घरच्या एकेका माणसाला व्यायाम शिकवून घरी पाठवलेले. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के, फरक शून्य. हा निकाल मला बरेच दिवस पचला नाही. घरच्यांच्या मायेला कौशल्याची आणि मात्रेची जागा घेता येत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

काम करूनच हात सुधारतो, हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. आमच्या गावापासून फार लांब नसलेल्या फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी काढलेली 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा आहे. ती अनेकांना माहीत असते, पण कमलाबाई कोण हे कमी जणांना. मूळच्या अमेरिकन, माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्या झाल्या. इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई. कमलाबाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची भारतातली पहिली शाळा सुरू केली. फिजिओथेरपी स्नायू, सांधा, हालचाल यांच्याकडून सुरुवात करते. ऑक्युपेशनल थेरपी माणसाच्या रोजच्या कामाकडून. पक्षाघाताच्या हाताला दोन्ही लागतात. तालुक्याच्या गावी पहिली कशीबशी मिळते, दुसरीचे नावही निघत नाही.

*

नानांचा प्रयोग आम्ही २०११ च्या उन्हाळ्यात केला. साताऱ्याहून एक तरुण फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा यायला तयार झाली. तिने आधी नानांचे मनगट पाहिले. ते जरासे मागे उचलले जात होते आणि बोटे पेन्सिल आत जाईल इतकी उघडत होती. "करून बघू, काका," ती नानांना म्हणाली. "पण माझ्याशी भांडायचं नाही." सहा तास आम्हाला जमणारे नव्हते. सकाळी दोन आणि संध्याकाळी दीड तास ठरला. मोजा म्हणजे माझा लोकरी पायमोजा.

चौथ्या दिवशी माझ्या चुकीने नाना पडले. मोजा काढायला विसरून मी त्यांना ओटीवरून एकट्याने उतरू दिले, आणि कठडा धरायला डावा हात उघडाच नव्हता. खरचटण्यावर निभावले. त्यानंतर चालताना मोजा काढायचा, हा नियम आईने स्वतःच्या हातात घेतला.

सराव काय होता? वाटाण्याच्या शेंगा सोलणे. परातीतल्या ज्वारीतून खडे वेचणे. कॅरमच्या सोंगट्या डबीत भरणे, आधी मोठ्या तोंडाच्या, मग लहान तोंडाच्या. वर्तमानपत्र चुरगळून पुन्हा सरळ करणे. कामात हात उघडला की मुलगी मोठ्याने आकडा मोजायची. पहिल्या दिवशी सकाळभरात चाळीस झाले, शेवटच्या आठवड्यात तीनशेच्या पुढे गेले. आईला सर्वांत जड गेले ते भरवणे थांबवणे. दहीभाताचे ताट पुढे ठेवून ती स्वयंपाकघरात जाऊन बसायची. नाना पाऊण तास जेवायचे, अर्धा भात सतरंजीवर. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पाटी मागितली, वही नव्हे. पाटीवर रेघ जाड चालते आणि पुसता येते, असे त्यांचे म्हणणे. पहिले दोन दिवस नुसत्या उभ्या काठ्या.

आम्ही दोनऐवजी पाच आठवडे केले. पेला ते उजव्या हाताने उचलू लागले, दार उघडू लागले, मोठ्या गुंड्या लावू लागले. खडूने फळ्यावर लिहिणे परत आले नाही. सही आली, पण ती जुनी सही नव्हती. अक्षरे मोठी, वाकडी, शेवटचा फराटा गायब. नोव्हेंबरात काउंटरवरच्या मुलाने दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि म्हणाला, "जुळत नाही, गुरुजी." नमुना सही बदलण्याचा अर्ज, फोटो, ओळखपत्राची प्रत, डॉक्टरांचा दाखला. चार फेऱ्या झाल्या, नाना चारही वेळा स्वतः आले. त्या वर्षीच्या हयातीच्या दाखल्यावर सही आहे.

टॉब यांच्या पद्धतीत एक प्रश्नावली असते. रोजच्या सुमारे तीस कामांत दुबळा हात किती आणि कसा वापरता, याला शून्य ते पाच गुण द्यायचे. रुग्णाला विचारायचे आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्यालाही. कारण हाताला काय करता येते ते दवाखान्यात कळते, तो प्रत्यक्षात काय करतो ते घरातच. वर्षभराने मी ती मराठीत करून दोघांना वेगवेगळे बसवून विचारली. चहाचा पेला उचलण्याला नानांनी स्वतःला चार गुण दिले. आई म्हणाली, "तू समोर असलास की चार. एरवी डाव्यानंच उचलतात. दोन लिही."